नावं ठेवणाऱ्या बाई

बाईंना काय काय म्हणायचं नाही, याची यादी मी ओळख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात केली होती. 'काकू' नाही, कारण "मी कुठल्या काकाची बायको म्हणून इथं बसलेली नाही." 'मावशी' नाही, कारण "तुझ्या आईला मी पाहिलेलंसुद्धा नाही." 'ताई' नाही, कारण त्यांना दोन भाऊ होते आणि त्या दोघांनाही बहीण म्हणून त्या फारशा आवडत नव्हत्या. 'मॅडम' म्हटलं तर कोण आलं म्हणून त्या मागे वळून बघत. शेवटी मी वैतागून विचारलं, "मग हाक तरी काय मारायची?"

"बाई म्हण. ते निदान खरं आहे."

जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावातल्या सगळ्या मराठी लोकांच्या त्या बाई झाल्या. मी ते गाव सोडून हॅम्बर्गला आले त्याला आता चार वर्षं झाली, तरी अजून कुणी नुसतं 'बाई' म्हटलं की मला गणवेशाचा निळा कोट, पायात दणकट बूट आणि कपाळावर एक युरोच्या नाण्याएवढं कुंकू दिसतं.

कोट ट्रॅमच्या नोकरीचा. बाई इचलकरंजीहून वस्त्रोद्योग शिकायला जर्मनीत आल्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात होस्टेलमधला हीटर बिघडला. तो दुरुस्त करायला आलेल्या माणसाने हीटर दुरुस्त केला, मग खिडकी सताड उघडली आणि खोलीत ताजी हवा येणं किती आवश्यक आहे हे समजावून सांगितलं. बाईंनी त्याच्याशी लग्न केलं. "खिडकी बंद करायला तरी कुणी हवं होतं," एवढंच स्पष्टीकरण त्या देत. शिक्षण सुटलं, मग त्यांनी ट्रॅम चालवण्याचा परवाना काढला आणि निवृत्त होईपर्यंत गावभर ट्रॅम चालवली. नोकरीच्या सुरुवातीला थांब्यांची नावं चालकाने स्वतः सांगायची असत. पुढे यंत्र आलं, पण बाईंनी सवय सोडली नाही. आमच्या घरी जेवायला आल्या की ताट समोर येताच 'आल्झो', म्हणजे 'तर मग', असं जर्मनमध्ये सुरू करून म्हणत, "आल्झो, पुढचा थांबा भात."

बाई कधी चुकत नसत. म्हणजे त्यांच्या हातून चुका होत, पण त्या बाईंच्या नसत. माझ्या नव्या वहीवर त्यांनी चहा सांडला तेव्हा त्या म्हणाल्या, "कप मधेच होता." शिऱ्यात मीठ पडलं, तेव्हा डबे एकसारखे करणाऱ्या कंपनीचं चुकलं. एकदा गुरुवारची बैठक असताना त्या बुधवारीच येऊन कुलूप हलवून गेल्या आणि मला फोन करून म्हणाल्या, "अगं, तुमचा गुरुवार चुकला." माफी मागणं त्यांना माहीतच नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्या एकदाही 'माझं चुकलं' म्हणाल्या नाहीत, हे त्या स्वतःच सांगत, आणि तेही सेवापुस्तकातली नोंद वाचून दाखवावी तशा स्वरात.

आता त्यांच्या यजमानांबद्दल. ते उंच, सावकाश बोलणारे, निवृत्त झाल्यावरही कुणाच्याही घरी गेले की आधी हीटरवर हात ठेवून बघणारे. लग्नानंतर बाईंच्या आईने फोनवर बजावलं होतं, नवऱ्याला नावाने हाक मारशील तर फोन करू नकोस. बाईंनी आईची एवढीच एक गोष्ट ऐकली आणि त्या 'अहो' म्हणू लागल्या. त्या भल्या माणसाला वाटलं, हे आपलं लाडाचं नाव. पुढे मिरजेच्या एका लग्नात त्यांनी पाहिलं की प्रत्येक बाई आपापल्या नवऱ्याला 'अहो' म्हणते आहे. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की नवरा-बायकोने एकमेकांना हेच म्हणायचं असतं, आणि त्या दिवसापासून तेही बाईंना 'अहो' म्हणू लागले. आम्ही त्यांना 'बाईंचे अहो' म्हणत असू. त्यांना मराठीतले दोन शब्द येत. 'अहो' आणि 'पुरे'. ते म्हणत, संसाराला तेवढे पुरतात.

मृणाल नावाची एक मुलगी आमच्यात होती, पुण्याहून आलेली, सॉफ्टवेअरमधली, मतं पक्की असलेली. तिने एकदा बाईंना सुनावलं, "बाई, तुम्ही एवढ्या फेमिनिस्ट आणि नवऱ्याला अहो-जाहो?"

"ते पण मला अहोच म्हणतात. तुझा म्हणतो?"

मृणालने विषय बदलला.

आमचा गट सुरू झाला तो मंडळाच्या हळदीकुंकवातून. मंडळाने भाड्याचा हॉल घेतला होता, तिळगूळ मागवला होता आणि उखाण्यांची स्पर्धा ठेवली होती. बक्षीस इडलीपात्र. कार्यक्रमाची आखणी माझ्याकडे होती, त्यामुळे क्रम पक्का आठवतो. बाईंचा नंबर नववा. तोवर आठ जणींनी आपापल्या नवऱ्यांची नावं घेतली होती, फुलं, चांदणं आणि नव्या घराचं कर्ज यांच्याशी यमक जुळवून. बाई उठल्या, माइकसमोर आल्या, उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला आणि म्हणाल्या, "आल्झो. बत्तीस वर्षं नाव घेतेय. आज नाव घेणार नाही. आज नावं ठेवणार आहे."

आणि लगेच सुरू झाल्या:

डिशवॉशरमध्ये ताटं उभी, वाट्या आडव्या,
माझ्या एका चमच्यावरून गोष्टी कडव्या;
मी लावलेलं काढतात, पुन्हा लावतात,
आणि वर मलाच म्हणतात, 'अहो, थकलात?'

हॉल असा हसला की तिळगुळाची परात खाली आली. मंडळाचे चिटणीस पुढच्या रांगेत होते. ते म्हणाले, "बाई, महिलांचा कार्यक्रम आहे, जरा पॉझिटिव्ह घ्या." बाई म्हणाल्या, "हे पॉझिटिव्हच आहे. निगेटिव्ह अजून यायचंय," आणि त्यांनी दुसरा म्हटला:

बाहेर उणे सात, खिडकी सताड उघडी,
ह्यांना हवा ताजी, मला भरली हुडहुडी;
सासरी येताना वाटलं, माप ओलांडीन,
इथं रोज खिडकी लावायला ह्यांच्याशी भांडीन.

इडलीपात्र बाईंना मिळालं. त्यांचे अहो मागे उभे होते. लोक आपल्याकडे वळून वळून बघून हसताहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला विचारलं, हा काय प्रकार आहे? मी घाईत होते, डाव्या हातात चहाचे पेले होते. मी सांगितलं, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव कवितेत गुंफून घेतात, मानाने. ही गोष्ट खरीच आहे. पण त्या दिवशीच्या बाबतीत खरी नव्हती, आणि तो खुलासा करायचा माझा राहून गेला. त्यांनी डोळे पुसले. पुढच्या वेळी ते केक घेऊन आले.

त्या हळदीकुंकवानंतर मृणाल बाईंना म्हणाली, "तुम्ही केलं ना, त्याला स्पोकन वर्ड म्हणतात. फेमिनिस्ट स्पोकन वर्ड. लोक तिकीट काढून ऐकतात."

"स्पोकन वर्ड म्हणजे?"

"बोललेला शब्द."

"शब्द बोललेलाच असतो. न बोललेल्याला संसार म्हणतात," बाई म्हणाल्या, आणि दर गुरुवारी सहा ते साडेसात असा गट सुरू झाला. नाव: नावं ठेवणाऱ्या. वस्तीतल्या नागरी केंद्रात एक खोली मिळाली. नियम मी लिहून दारावर लावले. फक्त बायका. प्रत्येकीला सहा मिनिटं. वाचण्याआधी 'माझं काही विशेष नाहीये' असं म्हणायचं नाही. म्हटलं तर एक मिनिट कापलं जाईल. पहिल्या महिन्यात सगळ्यांची पाच-पाच मिनिटंच झाली.

मृणालने सासूबाईंच्या व्हिडिओ कॉलवर लिहिलं, ज्यात त्या रोज "जरा फ्रिज दाखव गं" म्हणत आणि कोथिंबीर वाळलेली आहे हे सातासमुद्रापलीकडून ओळखत. एकीने स्वतःच्या आडनावावर लिहिलं, जे जर्मन कचेरीत तिसऱ्यांदा चुकीचं छापून आलं होतं. मी लिहीत नसे. मी घड्याळ, हजेरी आणि किल्ली सांभाळत असे, आणि ते कुणीतरी सांभाळावंच लागतं.

बाईंची म्हणायची पद्धत वेगळी होती. ट्रॅममध्ये चालकाच्या पायाखाली एक पेडल असतं. ते दाबून ठेवावं लागतं. पाय उचलला की गाडी आपोआप थांबते. चालकाला मध्येच काही झालं तर उतारूंचं काय, म्हणून केलेली ती सोय. जर्मनमध्ये त्या पेडलला 'टोटमान' म्हणतात, म्हणजे मेलेला माणूस. बाई कविता म्हणताना तसाच उजवा पाय दाबून उभ्या राहत. एकदा ऐन कडव्यात त्यांच्या पोटरीत गोळा आला आणि पाय उचलला गेला. बाई तिथेच थांबल्या. तोंड उघडं, शब्द अर्धा. आम्ही सहा जणी बघत राहिलो. गोळा गेल्यावर त्यांनी पाय पुन्हा दाबला आणि अर्ध्या शब्दापासून पुढे सुरू केलं. "मागून आलेल्या गाड्या खोळंबल्या असत्या," त्या नंतर म्हणाल्या.

त्यांचे अहो दर गुरुवारी त्यांना सोडायला येत. फक्त बायका हा नियम असल्यामुळे ते पॅसेजमध्ये खुर्चीवर बसत. साडेसहाला मधली सुट्टी झाली की दारातून केक आत सरकवत. प्लम केक, चीज केक, सफरचंदाचा केक. दारातून त्यांना मराठी ऐकू येई, आणि प्रत्येक कवितेत पाच-सहा वेळा 'अहो' येई. ते मान हलवत बसत. दोन वर्षं हे असंच चाललं. आपल्यावर एवढी काव्यं होतात हे त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं.

आम्हाला हे माहीत होतं. बाईंना तर माहीत होतंच. "सांगून टाका ना त्यांना," मृणाल म्हणायची.

"कशाला? केक चांगले होताहेत."

मग महिला दिन आला. गावातल्या एका सांस्कृतिक केंद्रात वेगवेगळ्या भाषांतल्या बायकांचा कार्यक्रम होता आणि आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली. बाई 'पुढचा थांबा' म्हणणार हे ठरलेलंच होतं. ती त्यांची मोठी कविता, आधीच्या सगळ्या तक्रारी पोटात घेणारी. केंद्राच्या संचालिकेने मला कळवलं की भाषा कुठलीही चालेल, मात्र मागच्या पडद्यावर ओळीगणिक जर्मन भाषांतर हवं. मी ते गुरुवारी वाचून दाखवलं आणि यादीतल्या पुढच्या मुद्द्याकडे वळले.

"थांब," बाई म्हणाल्या. "पडद्यावर? जर्मनमध्ये?"

"हो."

"ह्यांना वाचता येतं."

बाहेर पॅसेजमध्ये ते हीटर तपासत होते. त्याचा टकटक आवाज येत होता.

बाईंनी त्याच संध्याकाळी त्यांना सांगून पाहिलं की कार्यक्रम कंटाळवाणा आहे. ते म्हणाले, मी बहिणीला आणि कामावरच्या दोन जुन्या मित्रांना बोलावलं आहे. माझ्यावरची कविता स्टेजवर होणार आहे, ते येणारच. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या घरी आल्या.

"तू भाषांतर करणार ना? थोडं सैल करता येईल का?"

"किती सैल?"

"म्हणजे बघ, 'मी लावलेलं काढतात, पुन्हा लावतात.' ह्याचं कर, 'ते मला घरकामात मदत करतात.'"

"आणि खिडकीचं?"

"'आमच्या घरात सदैव ताजी हवा खेळते.'"

"आणि 'पुढचा थांबा लग्न, उतरण्यासाठी दार नाही'?"

बाईंनी विचार केला. "'आमचं लग्न टिकाऊ आहे.'"

मी नाही म्हटलं. हॉलमध्ये दोन्ही भाषा जाणणारी माणसं असणार. तोंडात एक आणि पडद्यावर एक, असं भाषांतर माझ्या नावावर जाणार नाही. बाईंना दोनच पर्याय होते: कविता बदलायची, नाहीतर आधी घरी सांगायचं. कविता बदलायला त्या तयार नव्हत्या. "त्यात खोटं एक अक्षर नाही," त्या म्हणाल्या. मग सांगते म्हणाल्या. हातात अकरा दिवस होते. मी रोज फोन करायची.

"सांगितलं?"

"आज त्यांचा गुडघा दुखतोय."

"आज?"

"आज ऊन पडलंय, खुशीत आहेत. कशाला घालवू."

"बाई, चार दिवस राहिले."

"अगं, त्यांनी माझ्यासाठी बूट पॉलिश करून ठेवलेत. स्टेजवर चमकले पाहिजेत म्हणून. आता कसं सांगू?"

शेवटच्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी अहोंचा चष्मा लपवला, तांदळाच्या डब्यात. कार्यक्रमाला सगळे आले तेव्हा अहो टाय लावून तिसऱ्या रांगेत बसलेले दिसले. शेजारी बहीण, पलीकडे दोन मित्र. आणि गळ्यात दुर्बीण. पक्षी बघायची. चष्मा कुठे सापडेना, म्हणून ही आणली, ते मला आनंदाने म्हणाले. पडदा फार छान दिसतोय.

बाईंनी विंगेतून ती दुर्बीण पाहिली. मला वाटलं, ह्या आता माघार घेणार. मी यादीत पर्याय लिहून ठेवला होता: बाई नाहीत तर मृणालचा फ्रिज. पण बाई गेल्या. पाय दाबला. पडद्यावर पहिली ओळ उजळली आणि ट्रॅममध्ये सांगावं तशा कोरड्या, स्पष्ट आवाजात त्या म्हणाल्या:

पुढचा थांबा: माहेर. गाडी इथं पुन्हा थांबणार नाही.
पुढचा थांबा: लग्न. उतरण्यासाठी दार नाही.
पुढचा थांबा: डिशवॉशर. अहो, ती वाटी मी लावली होती.
पुढचा थांबा: खिडकी. अहो, उणे सात आहे.
पुढचा थांबा: स्वयंपाकघर. सगळ्या गाड्या इथं येतात, एकही सुटत नाही.
पुढचा थांबा: मी. विनंती थांबा.
कुणी बटण दाबल्याशिवाय गाडी थांबणार नाही.

हे मधलं थोडंसंच. पूर्ण कविता पाच मिनिटं पन्नास सेकंदांची होती. 'विनंती थांबा' आला तेव्हा, आतापर्यंत खदखदा हसणारा हॉल एकदम शांत झाला. त्या गावात ट्रॅमने न जाणारं कुणी नाही. जर्मनमध्येही असा थांबा असतो आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

मी तिसऱ्या रांगेकडे बघत होते. डिशवॉशरच्या ओळीला दुर्बीण किंचित खाली आली. खिडकीच्या ओळीला बहीण हसली आणि तिने त्यांना कोपर मारलं. शेवटी त्यांनीही टाळ्या वाजवल्या, मोजून दोन.

कार्यक्रमानंतर कोट ठेवायच्या जागी आम्ही सगळ्या उभ्या होतो. अहो आले. नेहमीसारखा बाईंचा कोट दोन्ही हातांनी उघडून धरला. आणि बाईंना नावाने हाक मारली. पूर्ण, पाळण्यातल्या नावाने, उच्चार जरा चुकवत.

आम्ही ते नाव तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. बाईंचा हात कोटाच्या बाहीत अर्ध्यावर थांबला.

त्यानंतरच्या गुरुवारी केक नव्हता. पॅसेजमधली खुर्ची रिकामी होती. बाई एकट्या आल्या, सहा मिनिटं उशिरा, आणि उशीर कुणाचा हे सांगितलंसुद्धा नाही.

"घरात कसं आहे?" मी विचारलं.

"नाव घेतात," बाई म्हणाल्या. "दिवसातनं वीसदा. चहा झाला का, आणि माझं नाव. किल्ली कुठाय, आणि माझं नाव. कचेरीतून फोन आल्यासारखं वाटतं गं."

"बाकी काही बोलतात?"

"काही नाही. वाट्यासुद्धा मी लावते तशाच राहू देतात. बघवत नाही."

मृणाल म्हणाली, "बाई, सॉरी म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"कशाबद्दल? कवितेत खोटं काय होतं?"

"कवितेबद्दल नाही. दोन वर्षांबद्दल."

बाईंनी त्या दिवशी कविता म्हटली नाही. पाय दाबून उभ्या राहिल्या, थोडा वेळ थांबल्या आणि खाली बसल्या.

पुढच्या गुरुवारी सव्वासहाला दारावर टकटक झाली. अहो उभे होते, हातात चौकटीचा कागद, घडी घातलेला. ते माझ्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणाले की कवितेला त्यांना उत्तर द्यायचं आहे. सहा मिनिटं पुरतील.

मी दारावरचा नियम दाखवला. फक्त बायका. मृणाल म्हणाली, मतदान घ्या. सात जणी होतो. तिघी बाजूने, तिघी विरुद्ध. बाईंचं मत राहिलं. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघू लागलो.

"विरुद्ध," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

अहोंनी मान हलवली. जर्मन माणसाला नियम समजतो. ते दोन पावलं मागे गेले, उंबरठ्याच्या बाहेर उभे राहिले, म्हणाले, पॅसेजबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. आणि दार उघडं ठेवून वाचू लागले.

"पहिला मुद्दा," आणि बाईंचं नाव. "वाटी उपडी ठेवली नाही तर तिच्यात पाणी साचतं. हे माझं मत नाही. पाण्याचं आहे.

"दुसरा मुद्दा. खिडकी उघडली नाही तर भिंतीला बुरशी येते. चौतीस वर्षांत आपल्या भिंतीला बुरशी आली नाही. ह्यावर कविता झालेली नाही.

"तिसरा मुद्दा. बेकरीत रांगेत उभे असताना तू मला ट्रॅममधल्यासारखं मोठ्याने 'मागे सरका' म्हणतेस. माझ्या मागे कुणी नसतं.

"चौथा मुद्दा. ह्या खुर्चीवर मी दोन वर्षं बसलो. मला वाटायचं, आत माझं कौतुक चाललंय. 'अहो' ऐकू आलं की मी ताठ बसायचो. एकदा ते अकरा वेळा आलं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी दोन केक आणले. समाप्त."

चार मिनिटं दहा सेकंद. त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "भाषांतर कर."

"बाई, तुम्हाला जर्मन माझ्यापेक्षा चांगलं येतं. कळलं ना सगळं?"

"कळलं. लागलं नाही. मराठीत सांग."

मी उभी राहिले आणि सांगितलं. पहिला मुद्दा, दुसरा, तिसरा. मूळ कागदात बाईंचं नाव होतं तिथे मी 'अहो' घातलं. आणि चौथा, अकरा वेळा आणि दोन केक यांसकट.

"त्यांनी 'अहो' म्हटलं नव्हतं," बाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

"मराठीत तसंच म्हणतात."

बाई उठल्या आणि पॅसेजमध्ये गेल्या. दार त्यांनी ओढून घेतलं, पण ते दार कधीच नीट लागत नसे. आम्हाला ऐकू येत होतं, आणि आम्ही कुणीही न ऐकण्याचा प्रयत्न केला नाही.

अहो म्हणाले, "तू मला तुझी भाषा का शिकवली नाहीस?"

"शिकवली असती तर नावं कुठं ठेवली असती?"

मग ते म्हणाले, "निदान एक वाक्य शिकव. दर गुरुवारी आल्यावर ह्या सगळ्यांना म्हणता येईल असं. नमस्कारासारखं. गुटन आबेंड मराठीत काय?"

मृणालने माझा दंड धरला.

"म्हणा," बाईंचा आवाज आला. "माझं."

"माझ."

"माझं. शेवटी जरा ओढून. चुकलं."

"माझं चुकलं. ह्याचा अर्थ गुटन आबेंड?"

"हो," बाई म्हणाल्या. "भेटलं की म्हणायचं."

आत आम्ही सहा जणींनी तोंडात ओढण्या कोंबल्या होत्या. त्यांनी ते दहा-बारा वेळा घोकलं. बाई उच्चार दुरुस्त करत होत्या, आणि मला खात्री आहे, हवं होतं त्यापेक्षा पाच-सहा वेळा जास्तच म्हणवून घेतलं.

पुढच्या गुरुवारी पावणेसहालाच अहो हजर होते. चेरीचा केक, खाली जाळीदार कागदाची डॉयली, आणि टाय. पॅसेजमध्ये ते एकेकीसमोर थांबले, किंचित वाकले, हात पुढे केला.

"माझं चुकलं," ते मला म्हणाले.

आता माणूस एवढ्या अदबीने अभिवादन करतो तर उत्तर देणं भागच होतं. "माझं चुकलं," मी म्हटलं. आणि मला वाटतं, हळदीकुंकवाच्या दिवशीचे ते चहाचे पेले लक्षात घेता ते बरोबरच होतं.

"माझं चुकलं," ते मृणालला म्हणाले. "माझं चुकलं," मृणाल म्हणाली, चेहरा सरळ ठेवून. मग पुढची, मग तिच्या पुढची. सगळ्यांनी नीट उत्तर दिलं. त्यांना फार बरं वाटत होतं. मराठी लोक एकमेकांना भेटतात तेव्हा किती छान बोलतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

रांगेत शेवटी बाई होत्या. कोट, बूट, कुंकू. अहो त्यांच्यासमोर उभे राहिले, वाकले आणि म्हणाले, "माझं चुकलं."

बाईंनी केककडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. सहा जणी, सहाही जणींचे डोळे त्यांच्यावर. अहो हात पुढे करून थांबले होते. उत्तर येईपर्यंत हात मागे घ्यायचा नसतो, एवढं त्यांनी रांगेत पाहून शिकून घेतलं होतं.

"माझं चुकलं, अहो," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाईंचा हात हलवला आणि समाधानाने मान डोलावली.

"गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर.